वरच्या कपाटाची उजवी फळी

मी एक जुनी फळी आहे. जुनी म्हणजे किती, असं विचाराल तर पाच वर्षांची, आणि हे ऐकून तुम्ही हसाल. पण मित्रांनो, फळीचं वय वर्षांवर मोजत नसतात. तिच्यात एकाच जागी किती वेळा स्क्रू पिळला, त्यावर मोजतात. माझ्यात तीनदा पिळला. त्या हिशेबानं मी म्हातारी आहे.

सध्या मी एका लहानशा स्वयंपाकघराच्या दारामागे उभी असते. दार उघडलं की मला अंधार आणि लावलं की उजेड, म्हणजे सगळ्या जगाच्या बरोबर उलटं. माझ्या वरच्या कोपऱ्यात दोन भोकं आहेत. मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच, पण आधी जन्मापासून सुरुवात करते, नाहीतर तुम्ही म्हणाल की हिनं आल्या आल्या रडगाणं लावलं.

माझा जन्म एका झाडापासून झाला, असं मला म्हणता येत नाही. एका कारखान्यात भुशाचा आणि ढलप्यांचा मोठा ढीग होता. त्यात कुणाची फांदी होती, कुणाची साल, कुणा मोडक्या खुर्चीचा पाय. त्या सगळ्यांवर डिंक ओतला, तापलेल्या दोन लोखंडी पाटांमध्ये दाबलं, वरून पांढरा कागद चिकटवला आणि झाले मी तयार. बाहेरून गुळगुळीत, आतून भुसा. असे काही जण तुमच्या वर्गातही असतील.

मग आम्हाला एका चपट्या खोक्यात भरलं. त्यात तीन कपाटांच्या सगळ्या फळ्या होत्या. दोन कपाटं जमिनीवर उभी राहणारी आणि एक भिंतीवर टांगायचं. मी त्या टांगायच्या कपाटाची उजवी बाजू. डावी बाजू म्हणजे माझी जुळी बहीण. आमच्यासोबत स्क्रूची पिशवी होती आणि एक मोठा जाड कागद होता. कागदावर एकही शब्द नव्हता, नुसती चित्रं, म्हणजे कोणतीही भाषा बोलणाऱ्याला कळावीत. त्या चित्रांत गोल डोक्याचा एक माणूस होता. काम बरोबर केलं की तो हसायचा आणि चुकलं की तोंड पाडायचा. अकरा नंबरच्या चित्रात त्याचं तोंड पडलेलं होतं. ते चित्र लक्षात असू द्या.

आम्ही ज्या घरात आलो तिथं तीन माणसं होती. बाबा सुतार होते. आई शिंप्यांसाठी काजं करायची, म्हणजे शर्टाच्या बटणांची भोकं बारीक टाक्यांनी बांधून द्यायची. आणि त्यांची मुलगी. लहानपणी ती मोजायची टेप ओढत घरभर फिरायची, म्हणून बाबा तिला टेपू म्हणायचे. टेपू आता मोठी झाली होती आणि नोकरीसाठी दुसरीकडे राहायची. आम्हाला तिनंच आणलं.

“काय आणलंस?” बाबांनी खिडकीशी बसूनच विचारलं.

“कपाटं. स्वयंपाकघरासाठी.”

“एवढ्याशा खोक्यात?”

“जोडायची असतात, बाबा.”

बाबा उठले. त्यांनी माझी कड अंगठ्यानं दाबून पाहिली, नाकाशी नेऊन वास घेतला आणि मला परत ठेवलं. “हे लाकूड नाही. हा चुरा आहे, थापलेला.”

“थापलेला असू दे,” आई आतून म्हणाली. “सव्वीस वर्षं झाली. लोकांच्या घरी तुमची कपाटं आणि माझ्या घरी तुमची आश्वासनं.”

“चांगलं लाकूड मिळालं की करणारच होतो.”

“हो ना. आणि मी तोवर पलंगाखाली वाकून पीठ काढत होते.”

टेपू हसली. बाबा नाही हसले. त्यांचं दुकान बंद होऊन सहा महिने झाले होते. ते का बंद झालं, हे मी तरी कोणत्या तोंडानं सांगू? माझ्यासारख्या फळ्या खोक्यांत बसून घरोघरी जायला लागल्या म्हणून. तेव्हापासून बाबा खिडकीशी बसायचे आणि आईला त्यांना जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागायच्या. तिसऱ्या हाकेला यायचे आणि ताटातलं इकडचं तिकडं करून उठायचे.

पण खोकं घरात आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हत्यारांची पेटी उघडली.

टेपूनं तो चित्रांचा कागद पुढे केला. “बाबा, एकदा बघून तरी घ्या.”

“चाळीस वर्षं काम केलेल्याला कागद शिकवणार?”

“नुसती चित्रं तर आहेत.”

“मग तू बघ. रंगवायला हवी असतील तर रंगव.”

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या दिवसासारखा दिवस मला पुन्हा दिसला नाही. बाबांचा हात लागला आणि आम्ही सरळ झालो. कोपरा काटकोनात आहे का, हे ते गुण्या लावून बघायचे, आणि गुण्या काढल्यावर पुन्हा डोळा लावून बघायचे. खालची दोन कपाटं दुपारपर्यंत उभी राहिली. जमिनीवर पाय रोवलेल्यांना फारसं भय नसतं. भय आम्हा टांगायच्यांना.

आम्हाला टांगायची पद्धत अशी. माझ्या आणि माझ्या बहिणीच्या वरच्या कोपऱ्यात आतून एकेक लोखंडी आकडा बसवायचा, प्रत्येकी दोन स्क्रूंनी. मग भिंतीत ठोकलेल्या पट्टीवर ते आकडे अडकवायचे. सगळा भार त्या चार स्क्रूंवर. बाबांनी आम्हाला टांगलं, चार पावलं मागं गेले आणि एक डोळा मिटला.

“उजवी बाजू एक सूत खाली आहे.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारांचं भांडण एवढ्यावरूनच सुरू होतं.

“कुणाला दिसतंय ते?” आई म्हणाली.

“मला.”

त्यांनी आम्हाला उतरवलं, माझ्यातले दोन्ही स्क्रू काढले, आकडा जरासा सरकवला आणि त्याच भोकांत पुन्हा पिळले. टांगलं. डोळा मिटला. आता अर्धं सूत. पुन्हा उतरवलं. या खेपेला त्यांनी जुनी युक्ती केली. काडेपेटीतल्या काड्या मोडून भोकांत ठोकल्या आणि त्यांच्यावर स्क्रू पिळले.

खऱ्या लाकडात ही युक्ती माणसाच्या आयुष्याला पुरते. लाकडाला धागे असतात, ते काडीला आणि स्क्रूला दोघांनाही घट्ट धरतात. मला धागे नाहीत. माझ्यात एकमेकांना चिकटवलेले कण आहेत, आणि ते एकदा सुटले की सुटले. तिसऱ्यांदा स्क्रू फिरला तेव्हा माझ्या पोटात पीठ झालं. पण काडी करकरत आत गेली, आणि बाबांच्या हाताला वाटलं की स्क्रू घट्ट बसला. त्या हातानं त्यांना चाळीस वर्षं खरं तेच सांगितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा खोटं सांगितलं.

या वेळी आम्ही बरोबर सरळ होतो. बाबांनी आमच्या डोक्यावर एक गोटी ठेवली. गोटी जागची हलली नाही.

“बघ,” ते आईला म्हणाले. “चुऱ्याचं का असेना.”

तो चित्रांचा कागद त्यांनी आमच्या खालच्या कप्प्यात अंथरला. जाड होता, डाग पडू नयेत म्हणून बरा होता. त्याच्यावर आईनं सात डबे मांडले, पिठाचा, साखरेचा, तांदळाचा, असे सगळे काठोकाठ भरलेले. त्या रात्री बाबा पहिल्या हाकेला जेवायला आले.

पुढचे काही महिने आमच्या कौतुकाचे होते. शेजारचं कुणी आलं की बाबा त्याला आधी स्वयंपाकघरात न्यायचे आणि आमच्यावर गोटी ठेवून दाखवायचे. गोटी त्यांच्या खिशातच असायची. खालच्या मजल्यावरच्या एका बाईनं आपली दोन स्टुलं दुरुस्तीला दिली, समोरच्या इस्त्रीवाल्यानं टेबल दिलं. बाबा अंघोळीला जाताना शीळ घालायचे. शीळ अगदी बेसूर होती, पण आई काजं करता करता हात थांबवून ती ऐकायची.

आणि एका सकाळी आईला ओट्यावर, बरोबर माझ्या कोपऱ्याखाली, चिमूटभर भुसा दिसला.

तिनं तो फडक्यानं पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा होता. तिला वाटलं कीड लागली. बाबा चहाला खाली गेल्यावर ती स्टुलावर चढली आणि तिनं मला जवळून पाहिलं. माझ्या आणि भिंतीच्या मध्ये नखभर फट पडली होती. आतला आकडा तिरका झाला होता आणि त्याचे स्क्रू बाहेर डोकावत होते. मग तिनं डबे बाजूला करून कप्पा पुसायला घेतला आणि तिचं लक्ष कागदावर गेलं. अकरा नंबरचं चित्र. काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घालणारा माणूस, तोंड पाडलेला, आणि त्याच्यावर मोठी फुली.

आई त्या चित्राकडे बघत राहिली. भोकाची कड उसवली की त्यात बटण राहत नाही, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे. जिन्यावरून शीळ येत होती.

मित्रांनो, मला त्या क्षणी तोंड असतं तर मी ओरडले असते. आईला तोंड होतं. ती स्टुलावरून खाली उतरली आणि गप्प राहिली.

त्या दिवसापासून तिनं डबे रिकामे करायला सुरुवात केली. रोज थोडं थोडं. आधी पीठ, मग तांदूळ. सगळं खालच्या कपाटांत. वरचे डबे मात्र होते तसेच ओळीनं मांडलेले, झाकणं लावलेले. फट दिसू नये म्हणून तिनं पांढरा साबण ओला करून बोटानं तिच्यात भरला. दर आठवड्याला फट थोडी वाढायची आणि दर आठवड्याला आई थोडा साबण भरायची.

“साखर खाली कशी आली?” एकदा बाबांनी विचारलं.

“वर मुंग्या लागतात.”

“मुंग्यांना खालीच सोपं नाही का?”

“आपल्या मुंग्यांना उंचीची हौस आहे.”

बाबा हसले आणि विषय संपला. टेपू एका सुट्टीला आली तेव्हा दारातच थांबली. “आई, हे कपाट वाकडं झालंय का गं?”

“तुझी मान वाकडी झालीय. बस, चहा घे.” आणि बाबा बाहेरच्या खोलीत आहेत ना, हे तिनं पटकन वाकून पाहिलं.

अशी दोन वर्षं गेली. रिकाम्या डब्यांना वजन ते कितीसं, त्यामुळे मी तग धरून होते. मला एवढंच कळत होतं की माझ्या आत आता धरण्यासारखं काही उरलेलं नाही. एखादं ओझं आलं, तर मी जाणार.

ते ओझं मामांच्या पायांनी आलं. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मनानं चांगला, पण जीभ सैल. आल्या आल्या त्यांनी मला टिचकी मारली.

“काय भाऊजी, तुमच्या घरात भुशाचं कपाट? लग्नात तर तुम्ही आमच्या वडलांना सांगितलं होतं की पोरीला लाकडात मढवीन.”

“भुशाचं असलं तरी माझ्या हातचं आहे,” बाबा म्हणाले.

“मग शोकेसमध्ये ठेवा. यात ठेवता काय? कापूस?”

बाबांनी इकडंतिकडं पाहिलं. कोपऱ्यात लोखंडी खलबत्ता होता. उचलताना दोन्ही हात लागावेत एवढा जड. त्यांनी तो उचलला.

“अहो, नको,” आई म्हणाली. “तो खालीच बरा. मला रोज लागतो.”

“रोज? महिन्यातून एकदा काढतेस.” त्यांनी माझं दार उघडलं आणि वरच्या कप्प्यात, माझ्या बाजूला, खलबत्ता ठेवला. मी श्वास धरला, म्हणजे फळी जसा धरते तसा. आकडा माझ्यात केसभर सरकला. पण मी राहिले.

“बोला मेहुणे,” बाबा म्हणाले. “कापूस?”

मामांनी हात जोडले. बाबा दोन वर्षांत हसले नसतील असे हसले. दोघं बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. आई आत थांबली. भावादेखत तिला बोलायचं नव्हतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू तिला एवढ्यात पुसायचं नव्हतं. तिनं बाहेर ऐकू जाईल असं म्हटलं, “चहा टाकते,” आणि पातेल्याचा मुद्दाम आवाज केला. मग ती हळूच स्टुलावर चढली. खलबत्ता उतरवून घ्यायचा आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही, एवढाच तिचा बेत होता.

तिनं दार उघडलं आणि आधार म्हणून उजवा हात कपाटाच्या तळाखाली लावला.

मी प्रयत्न केला, मित्रांनो. आजवर हे कुणाला सांगितलं नाही. पण प्रयत्न करायला आत काहीतरी असावं लागतं. माझ्या भोकांतून दोन्ही स्क्रू असे निघाले, जशी पिठातून बोटं निघतात. मी सुटले, माझ्या ओझ्यानं माझी बहीण सुटली, आणि आम्ही सगळे, खलबत्त्यासकट, तिचा उजवा हात खाली दाबत ओट्याच्या दगडी कडेवर आलो.

ती ओरडलीसुद्धा नाही. “अहो,” एवढंच म्हणाली, साध्या आवाजात, जेवायला हाक मारावी तसं.

संध्याकाळी बाबा आणि मामा दवाखान्यातून परतले. आईला तिथंच ठेवून घेतलं होतं. स्वयंपाकघरात सगळं तसंच पडलेलं होतं. बाबा खाली बसले आणि आवरायला लागले. त्यांनी एक डबा उचलला आणि थांबले. हलवून पाहिला. झाकण काढलं. दुसरा उचलला. तिसरा. सातही डबे त्यांनी एकेक करून उघडले आणि ओळीनं मांडले. सातही रिकामे होते, आतून पुसलेले, चकचकीत.

मग त्यांना माझ्या मागच्या कडेला लागलेला साबण दिसला. त्यांनी तो नखानं खरवडला. त्याचे थर होते, एकावर एक, पुष्कळ. शेवटी हाती तो कागद लागला, अकरा नंबरचं चित्र वर आलेला.

“भाऊजी, मी उगाच बोललो,” मामा दारातून म्हणाले. “माझ्या जिभेला काही हाड नाही.”

बाबांनी ते ऐकलंच नाही. ते कागदाकडे बघत म्हणाले, “हिला माहीत होतं.”

आठ दिवसांनी आई घरी आली. अंगठा आणि पहिलं बोट वाचलं होतं. उरलेली तीन बोटं आता वाकणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. काजं संपली. सुईची डबी आईसाठी आलेल्या टेपूनं उचलून कुठंतरी ठेवली आणि कुणी विचारली नाही.

बाबा आईच्या समोर बसले.

“सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही एका हाकेत जेवायला यायला लागला होतात,” आई म्हणाली.

त्यानंतर बाबांनी हत्यारांची पेटी बंद केली. इस्त्रीवाल्याचं दुसरं टेबल आलं होतं, ते तसंच परत पाठवलं. माझी बहीण उभी चिरली होती, तिला आणि बाकीच्या फळ्यांना मामांनी नेऊन टाकलं. मलाही नेणार होते, पण बाबा म्हणाले, “ही राहू दे.” मला वाटलं, माझ्यावर जीव आहे. तसं नव्हतं. त्यांनी मला दारामागे उभं केलं आणि येता-जाता माझ्या भोकांवर अंगठा दाबून बघायला लागले. तीन वर्षं झाली. अजून बघतात. माझ्या आतला भुसा थोडा थोडा त्यांच्या अंगठ्याला लागून गेला आणि भोकं आता अंगठ्याच्या मापाची झाली आहेत.

आई मात्र बदलली. आता ती सगळं सांगते. नळ गळतोय. दुधाला वास येतोय. तुमचा शर्ट उलटा आहे. बाबा “हं” म्हणतात आणि खिडकीशी बसून राहतात. हाका पुन्हा तीन झाल्या आहेत.

परवाच्या सकाळची गोष्ट. आईनं चहा ठेवला होता, बाबा आत येऊन बसले होते आणि दार लावलेलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं.

“अहो,” आई म्हणाली, “खालच्या कपाटाचं दार लोंबतंय. आजच झालंय. आजच सांगतेय.”

“मिस्त्रीला बोलव.”

“मिस्त्रीला कशाला? मी तुम्हाला सांगतेय.”

बाबा उठले, माझ्याजवळ आले, भोकात अंगठा घातला, काढला. आणि पेटी ओढली. तिची कडी गंजली होती. स्क्रूड्रायव्हर काढला. कपाटासमोर उकिडवे बसून त्यांनी स्क्रूला टोक लावलं आणि थांबले.

“तो कागद कुठाय?”

आईनं डाव्या हातानं खण उघडला आणि कागद दिला. घडी घालून जपून ठेवला होता. बाबांनी चष्मा लावला. पंधरा नंबरच्या चित्रात बिजागरी होती. तिचा स्क्रू काढायचा नव्हताच, जागेवर पाव फेरा फिरवायचा होता. त्यांनी पाव फेरा फिरवला. दार सरळ झालं आणि गोल डोक्याचा माणूस चित्रात हसत होता.

तेवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण त्यांची नजर वर सरकली, बारा नंबरच्या चित्रावर. त्यात टांगायचं कपाट होतं आणि त्याची एक बाजू किंचित खाली होती. लोखंडी आकड्यावर एक बारीक स्क्रू दाखवला होता. तो फिरवला की कपाट वर उचललं जातं. आकडा काढायची गरज नाही. शेजारी एक बाण, अर्ध्या फेऱ्याचा.

अर्धा फेरा. एक सूत.

बाबांनी चष्मा काढला. कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. तिचा उजवा हात मांडीवर होता, तीन बोटं सरळ. बाबांनी तो हात आपल्या हातात घेतला, पण धरायचा कसा ते त्यांना कळेना, कारण तो हात आता त्यांना धरत नव्हता. चहाचं पातेलं उतू गेलं. दोघंही उठले नाहीत.

मित्रांनो, माझ्याकडे बघून हळहळू नका. मी फळी आहे, उद्या एखाद्या चुलीतही जाईन आणि चार माणसांचं पाणी तापवीन. माझं एवढंच मागणं आहे. कपाट टांगणार असाल तर आधी कागद वाचा, हात कितीही जाणता असला तरी. आणि घरात कुठं काही सैल झालंय हे तुमच्या एकट्याच्या लक्षात आलं असेल, तर साबण लावू नका. समोरच्याचं हसू जाईल म्हणून थांबू नका. सांगून टाका. आज सांगा.

मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.